लानदौरोरच्या फिरत्या शाळा

वेल्सच्या नैर्ऋत्य भागातील ताव्ह नदी समुद्राला मिळण्यापूर्वी लार्न गावापाशी विस्तीर्ण खाडीचे रूप घेते. या खाडीपासून थोडे आत, नदीकाठी लानदौरोर हे चिमुकले धर्मग्राम वसले आहे. 'पाण्याच्या माणसांचे चर्च' असा या वेल्श नावाचा अर्थ सांगतात.

1716 साली ग्रिफिथ जोन्स हे अँग्लिकन धर्मगुरू येथे आले. बालपणी मेंढ्या राखलेल्या या माणसाला दम्याने आयुष्यभर छळले. खरे तर त्यांची आपल्या देशाशी गाठ पडायची, ती थोडक्यात हुकली. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या मिशनकार्यासाठी लंडनच्या एका धर्मप्रसारक संस्थेने त्यांना बोलावले होते. पण स्वदेशातील अज्ञान पाहून त्यांनी मायदेशीच राहणे पत्करले.

लानदौरोरमध्ये दानाच्या पैशांतून गरिबांना पाव वाटला जाई. पाव घ्यायला आलेल्यांना जोन्स श्रद्धेविषयी साधे प्रश्न विचारीत. उत्तरे येत नसत. त्यांची प्रवचने ऐकायला दूरदूरची माणसे गर्दी करीत, आणि तरी ही अवस्था! (धर्मशिक्षण देणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा वाटू नये.) लोकांना वाचता आल्याखेरीज प्रवचन मुरणार नाही, हे त्यांनी ओळखले.

1731 च्या सुमारास त्यांनी शाळा काढल्या, त्याही फिरत्या. शिक्षक एका गावात सुमारे तीन महिने राही, बहुधा शेतीची कामे ओसरल्यावर, हिवाळ्यात. चर्च, कोठार, एखादे घर, मिळेल ती जागा म्हणजे शाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग भरत. सहा वर्षांच्या पोरांबरोबर सत्तरीचे वृद्धही अक्षरे गिरवीत नव्हे, तर वाचीत बसत. कारण लेखन आणि गणित तेथे शिकवलेच जात नसे. वेल्श बायबल आणि प्रश्नोत्तरी वाचता आली की शिक्षक पुढल्या गावी निघे.

तीन महिन्यांत हे साधे, कारण शिक्षण वेल्श भाषेत होते. वेल्श लिपी उच्चाराला बरीच धरून चालते. अक्षरे कळली की घरात बोलले जाणारे शब्द आपोआप वाचता येतात. वेल्श मरू द्यावी, इंग्रजी शिकवावी, असे म्हणणारे पुष्कळ होते. शेजारच्याच धर्मग्रामातील एका धर्मगुरूने 1752 साली जोन्स यांच्यावर छापील हल्ला चढवला. जोन्स यांचे उत्तर व्यवहारी होते: शेतकऱ्याला आधी इंग्रजी शिकवायची तर वर्षे जातील, आणि तोवर त्याच्या आत्म्याचे काय?

1761 साली जोन्स निवर्तले, तोवर तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या आणि दीड लाखांहून अधिक लोक त्यांत शिकले होते. तेव्हा साऱ्या वेल्सची लोकसंख्या पाच लाखांच्या आतच होती. 1764 साली रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन यांनीही या शाळांची माहिती मागवली.

पुढची अठरा वर्षे लार्नच्या श्रीमती ब्रिजेट बेव्हन यांनी हे कार्य चालवले. 1779 साली मृत्यूपूर्वी त्यांनी शाळांसाठी दहा हजार पौंड ठेवले. नातलगांनी मृत्युपत्राला आव्हान दिले. सुमारे तीस वर्षे ती रक्कम न्यायालयात व्याजाने वाढत राहिली. शाळा मात्र बंद पडल्या.