पेप्सिनची पूर्वपीठिका

अन्नाचे पचन म्हणजे नेमके काय, याविषयी अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील विद्वानांत एकवाक्यता नव्हती. जठर अन्न दळते असे कोणी म्हणत, ते तेथे शिजते असे कोणी, तर ते निव्वळ कुजते असेही कित्येकांचे मत होते. १७५२ साली फ्रान्समध्ये रेओम्यूरने, न पचलेला भाग ओकून टाकणाऱ्या एका घारीला जाळी बसवलेल्या धातूच्या नळीतून मांस गिळावयास लावले, आणि नळी बाहेर पडली तेव्हा, स्नायूंचा दाब आत पोहोचणे अशक्य असूनही, ते विरघळू लागलेले आढळले. इटलीतील स्पालान्झानीने तर अन्नाने भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळल्या, आणि पक्ष्यांचा जठररस व मांस घातलेल्या नळ्या ऊब मिळावी म्हणून दिवसचे दिवस काखेत बाळगल्या.

जिवंत माणसाचे जठर पाहण्याचा योग मात्र एका अपघाताने आला. ६ जून १८२२ रोजी, मिशिगन इलाख्यातील मॅकिनॅक बेटावर, कातड्यांच्या व्यापारी कंपनीत नोकरीस असलेल्या अलेक्सी सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन तरुणाच्या डाव्या कुशीत अगदी जवळून बंदुकीचा बार बसला. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट याच्या शुश्रूषेने तो वाचला, परंतु जखमेचे भोक बुजले नाही. जठराची कड बरगड्यांखालच्या कातडीशी जुळून आली आणि आतला सारा व्यवहार बाहेरून दिसू लागला. १ ऑगस्ट १८२५ रोजी भर दुपारी बारा वाजता बोमाँटने खारवलेल्या मांसाचे तुकडे, शिळा पाव आणि कोबी रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभराने दोरा ओढून पाहिला तो कोबी व पाव निम्मे जिरलेले, मांस मात्र जसेच्या तसे. पुढे त्याने रस काचेच्या कुपीत काढून, ती शरीराइतकी उष्ण ठेवून, तेथेही मांस विरघळते हे पाहिले.

या निरीक्षणांचा नेटकेपणा वाखाणावा तितका थोडाच. तथापि ज्याच्या देहावर ती झाली त्याचा हिशेब त्याच इमानाने मांडला पाहिजे. प्रयोगांनी सेंट मार्टिनला वेदना होत, मळमळे, आणि संधी साधून तो कॅनडात निघून गेल्याचीही नोंद आहे. १८३२ मध्ये सालिना १५० डॉलर व अन्नवस्त्र या बोलीवर जो करारनामा झाला, त्यावर त्या निरक्षर माणसाला फुली मारण्याखेरीज काही करता आले नाही. १८३३ साली बोमाँटचा ग्रंथ निघाला, आणि पचनाच्या शास्त्राला जो दस्तऐवज लाभला त्यात श्रेयाचा मोठा वाटा या मजुराचा आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे इंग्लंडमध्ये प्राउटने १८२४ साली प्रसिद्ध केलेच होते. परंतु नुसत्या आम्लाने मांसाचा निकाल तितका लवकर लागत नाही. राहिलेला कर्ता १८३६ साली बर्लिनमध्ये थिओडोर श्वानला सापडला. जठराच्या अस्तराचा अर्क पुष्कळ पातळ केला तरी तो उकडलेल्या अंड्याचा घट्ट पांढरा भाग विरघळवीत असे, आणि एवढ्याशा द्रव्याने एवढे काम व्हावे याचे कारण ते द्रव्य कामात खर्ची पडत नसावे. त्याला त्याने पेप्सिन हे नाव दिले. त्याचे शुद्ध स्फटिक जॉन नॉर्थ्रपने १९३० मध्ये मिळवले आणि ते प्रथिनच असल्याचे दाखवले. त्यापूर्वी १९२६ मध्ये जेम्स सम्नरने घेवड्याच्या जातीतील बियांपासून युरिएझ या अशाच एका विकराचे (एन्झाइमचे) स्फटिक काढून हाच निष्कर्ष मांडला होता, पण प्रतिष्ठित रसायनज्ञांनी तो बराच काळ मानला नव्हता. दोघेही १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

प्रथिने तोडणारे हे द्रव्य जठर स्वतःलाच का खात नाही, या जुन्या शंकेचेही निरसन पुढे झाले. पेशी ते निष्क्रिय रूपातच तयार करतात. जठरातील आम्लाचा स्पर्श होताच त्याचा एक तुकडा गळतो आणि मगच ते कामास लागते, शिवाय अस्तरावर श्लेष्म्याचे कवच असतेच. अन्न लहान आतड्यात उतरून स्वादुपिंडाच्या क्षारधर्मी रसात मिसळले, की पेप्सिनचा अंमल संपतो आणि उरलेले काम ट्रिप्सिनकडे जाते.