शाहिरी इतिहासाचे एक उपेक्षित साधन : तुणतुणे

भोसरी गावठाणातील एका गोंधळी घराण्याचे बाड आमच्या हाती आले, त्यास आता बारा वर्षे होऊन गेली. भोसरी हे पुण्याच्या उत्तरेस नाशिकच्या वाटेवर वसलेले जुने गाव. आळंदी येथून जवळच, आणि माउलींची पालखी पुण्याकडे निघाली म्हणजे भोसरी फाट्यावरूनच पुढे सरकते. सांप्रत गावास चहूबाजूंनी कारखान्यांचा वेढा पडला आहे. तथापि गावठाणात भैरवनाथाचा उत्सव अद्यापि भरतो आणि जुन्या घरांतील माळ्यांवर जुने कागद अद्यापि सापडतात. सदरहू बाडाची पाने बत्तीस, काही मोडी व काही बाळबोध लिपीत, कोपरे कसरीने खाल्लेले. आत देवीची पदे, काही लावण्या आणि दोन अपुरे पोवाडे.

बाड ज्या कोनाड्यात होते, त्याच कोनाड्यात एक तुणतुणे पडले होते. कातडे फाटलेले, तार नाहीशी, खुंटी मात्र शाबूत. घरच्या आजोबांनी बाड आमच्या हाती देऊन विचारले, "गुरुजी, हेही नेता का?" आम्ही हसून नको म्हटले. कागद सोडून लाकूड कोण नेतो? दोन वर्षांनी मूळ बाड परत करावयास गेलो, तो जुने घर पाडून तेथे नवे उभे राहिले होते आणि तुणतुणे भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेले होते. आजोबाही त्यापूर्वीच निवर्तले होते.

ही हकीकत सांगण्याचे कारण केवळ हळहळ नव्हे. त्या तुणतुण्यावाचून आमच्या हातून एक ठळक प्रमाद घडला, तो येथे कबूल करणे अवश्य आहे. बाडातील पोवाड्यांची प्रत तयार करिताना चरणांची लांबी आम्हास कोठेच जुळेना. एक चरण बावीस मात्रांचा, तर पुढचा चौदांवरच तुटलेला. मध्येच 'जी', 'र', 'हो' अशी निरर्थक वाटणारी अक्षरे. आमचे शिक्षण संस्कृत छंदःशास्त्राचे. लेखकाने अक्षरे गाळली असावीत असे गृहीत धरून आम्ही चौकटी कंसांत अक्षरे भरली, 'जी' आणि 'र' पाठभेद म्हणून तळटीपेत ढकलले, आणि असा सोज्वळ केलेला पाठ एका विद्वत्सभेत वाचून दाखविला. सभेने मानही डोलावली.

पुढे एका लग्नानिमित्त घातलेला गोंधळ आम्ही रात्रभर बसून ऐकला, तेव्हा आमचा पाठ कोठे चुकला ते ध्यानात आले. नायक लांब चरण एका दमात धावत म्हणतो आणि आखूड चरणावर अकस्मात थांबतो. तो थांबला म्हणजे मागचे झीलकरी शेवटले अक्षर उचलून षड्जावर लांबवितात, आणि झील विरली तरी तुणतुण्याचा सूर चालूच राहतो. त्या अवकाशात नायक श्वास घेतो, पुढला चरण आठवितो, श्रोत्यांकडे पाहतो. चौदा मात्रांवर तुटलेला चरण तुटलेला नव्हताच. उरलेल्या आठ मात्रा तुणतुण्याच्या होत्या. बाडाच्या लेखकाने त्या लिहिल्या नाहीत, कारण त्या लिहावयाच्या नसतात. आणि 'जी' हे अक्षर पाठभेद नसून झीलकऱ्यांना केलेली खूण होती.

आता या वाद्याविषयी. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, वर उघडे, खाली कातड्याने मढविलेले. त्याच्या बाजूस एक दांडी घट्ट बसविलेली आणि दांडीच्या शेंड्यास खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकुलती तार नळकांड्याच्या पोटातून वर येऊन खुंटीस गुंडाळलेली असते. वाजविणारा ते काखेत वा छातीशी धरितो आणि बोटाने किंवा लाकडाच्या चिमुकल्या तुकड्याने तार छेडितो. पडदे नाहीत, तार दाबून स्वर बदलण्याची सोय नाही. गाणाऱ्याच्या पट्टीशी खुंटीने एकदा मिळविले की रात्रभर तोच सूर. 'तेच तुणतुणे वाजविणे' हा वाक्प्रचार निंदेचा खरा, परंतु वाद्याच्या कार्याचे इतके नेमके वर्णन कोणत्याही ग्रंथात आमच्या पाहण्यात नाही.

रचनेत एक मर्म आहे. सतारीची तार तबलीच्या वरून आडवी जाते. तुणतुण्याची तार कातड्यावर उभी असते. तार एकदा इकडून तिकडे हालली की दोन्ही टोकांस मिळून दोन वेळा ताणली जाते, म्हणून तारेच्या प्रत्येक आंदोलनामागे कातडे दोनदा ओढले जाते आणि त्यातून वरच्या सप्तकातील सूर उमटतो. एकतारा या वाद्यावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०९ सालीच, म्हणजे नोबेल पारितोषिकाच्या एकवीस वर्षे आधी, निबंध लिहिला होता. मोठ्या पदार्थवैज्ञानिकास अशा वाद्यांत विचार करण्याजोगे काही दिसले, ते आम्हा भाषापंडितांस दिसले नाही. डफ आणि संबळ यांच्या गदारोळात, उघड्या मैदानावर, हे वीतभर वाद्य ऐकू येते ते बहुधा या उंच सुरामुळेच.

येथे संस्कृताच्या विद्यार्थ्यास एक मोह पडतो, आणि तो आम्हासही पडला होता. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचिला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेस अग्रस्थान असून तिच्या दर्शनाने आणि स्पर्शाने महापातकेही नष्ट होतात असे माहात्म्य सांगितले आहे. एक तार तेथे, एक तार येथे. तेव्हा तुणतुणे हे एकतंत्रीचे वंशज, असे जाहीर करण्यास काय हरकत? हरकत अशी की एकतंत्री ही दांडी-भोपळ्याची वीणा असून तिच्यावर स्वर बदलता येतात, आणि तुणतुण्याचा सारा आवाज कातड्याचा आहे. तारांच्या संख्येवरून कुळ ठरवू नये. गोंधळ्याच्या वाद्यास प्रतिष्ठा देण्याकरिता यादवांच्या दरबारातून वंशावळ आणण्याची गरजही नाही.

त्याची प्रतिष्ठा त्याने वेगळ्या रीतीने मिळविली आहे. गोंधळात संबळ, तुणतुणे आणि दिवटी ही त्रयी. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळीच्या दिमडी-घोळासोबत तेच. शाहिराच्या पाठीशी डफाबरोबर तेच. तमाशाच्या फडात सुरत्याच्या हातीही तेच. देवकार्य, राजकारण आणि शृंगार या तिन्ही ठिकाणी निःसंकोच वावरणारे असे दुसरे तंतुवाद्य महाराष्ट्रात आम्हास ठाऊक नाही. वारकऱ्याची वीणा फडाबाहेर जात नाही, बैठकीचा तंबोरा मैदानात येत नाही. अफजलखानाच्या वधावर, १६५९ सालच्या प्रसंगावर, पोवाडा रचणारा अज्ञानदास (की अगिनदास? नावाच्या वाचनात मतभेद आहे) असो, की संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाखांच्या सभा हालविणारे अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे असोत, शाहिरीची ही परंपरा तीन शतकांची आहे.

भोसरीवरून जाणारा नाशिकचा रस्ता या दृष्टीने पाहावा. चाकण आणि खेड मागे टाकून नारायणगाव लागते, जेथे चैत्रात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या देण्यास येतात; विठाबाईंचे (१९३५–२००२) हे गाव. तेथून पुढे संगमनेर, म्हणजे अनंतफंदीचे (१७४४–१८१९) गाव. पेशवाईतील शाहीर पुण्यास येत ते अशाच वाटांनी. पुण्यास पोहोचल्यावर मात्र रुची बदले. होनाजीने दुसऱ्या बाजीरावासमोर ढोलकी सोडून तबल्यावर लावणी गाण्याची चाल पाडिली असे सांगतात. दरबारात गेलेली लावणी बैठकीची झाली. वाटेवर राहिलेल्या लावणीपाशी तुणतुणे राहिले. पुढे फडात पायपेटी आली आणि सुरत्याचे काम बरेचसे तिने घेतले.

आता संग्राहकांच्या कार्याकडे वळतो. १८९१ साली ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापिला, आणि १९२८ साली यशवंत नरसिंह केळकर यांच्या 'ऐतिहासिक पोवाडे' या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. हे दोन प्रयत्न झाले नसते तर गाणाऱ्यांच्या मुखी राहिलेले कितीतरी काव्य त्यांच्याबरोबरच गेले असते; त्यांचे ऋण फिटण्याजोगे नाही. तथापि ते शब्दांचे संग्रह आहेत. इतिहाससंशोधकास तारखा, नावे, लढायांचा क्रम हवा होता, आणि तो शब्दांत मिळत होता.

याच काळात दुसऱ्या एका देशात हे काम उलट टोकाने झाले, म्हणून तुलनेकरिता कझाक लोकांचे उदाहरण घेतो. मध्य आशियाच्या गवताळ मैदानातील या मेंढपाळ लोकांचे मुख्य वाद्य दोंब्रा: लांब मानेचे, बहुधा दोन तारांचे, मानेवर पडदे बांधलेले. आपल्या तंबोऱ्याचे नाव ज्या फार्सी तंबूर शब्दापासून आले, त्याच कुळात दोंब्रा हे नावही पुष्कळ विद्वान घालतात. त्यांचे कवी दोंब्रा घेऊन समोरासमोर बसतात आणि शीघ्र पद्यांत एकमेकांस निरुत्तर करू पाहतात. कलगी-तुऱ्याचे झगडे ज्यांनी ऐकले आहेत त्यांस हे नवल वाटणार नाही. परंतु दोंब्रावर 'कुय' नावाची शब्दरहित रचनाही वाजते, आणि तिच्यामागे एखादी कथा असते. चंगीझखानाचा पुत्र जोची याचा मुलगा शिकारीत मेला. वाईट बातमी आणणाऱ्याच्या घशात वितळलेले शिसे ओतीन, अशी बापाची आज्ञा. एका वादकाने तोंडातून अक्षर न काढता ती वार्ता दोंब्रावर वाजवून सांगितली. खानास अर्थ कळला, आणि बोलले ते वाद्यच म्हणून शिसे दोंब्रावर ओतले गेले. आख्यायिका खरी असो वा नसो, तिथे वाद्य हेच साक्षीदार आहे.

त्या लोकांत झटायेविच या रशियन संग्राहकाने एक हजार गीते स्वरलेखनासह १९२५ साली प्रसिद्ध केली, आणि १९३१ साली आणखी पाचशे गीते व कुय. २०१४ मध्ये युनेस्कोने दोंब्रावरील कुय-कलेस आपल्या वारशाच्या यादीत घेतले. आमच्याकडे पोवाड्यांचे शब्द छापून झाले तेव्हा त्यांच्या चाली पाठ असणारे हयात होते. कोणी स्वर टिपले असते तर आमच्यासारख्यास आठ मात्रांकरिता अक्षरे शोधीत बसण्याची पाळी आली नसती. दोंब्रा स्वतः बोलतो म्हणून त्याचे जतन झाले आणि तुणतुणे केवळ साथ करिते म्हणून विसरले गेले, असे एक उत्तर संभवते. आम्हास ते पुरते पटत नाही. येथील संग्राहक बहुतेक आमच्यासारखेच कागदाचे भक्त होते, हे कारण अधिक जवळचे.

पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा उत्तम संग्रह आहे. परंतु तेथील वाद्य आणि अन्यत्र असलेले बाड यांचा परस्परसंबंध कोणी लिहून ठेविलेला नसतो. म्हणून ज्यांच्या संग्रही शाहिरी अथवा गोंधळी बाडे आहेत, त्यांस आमची विनंती आहे. बाड ज्या घरातून आले त्या घरी पुन्हा एकवार जावे. तुणतुणे, डफ, संबळ असल्यास त्याचे माप घ्यावे, कातडे कशाचे व तार कोणती ते लिहावे, आणि घरात अजून गाणारे कोणी असल्यास बाडातील एक तरी चौक ध्वनिमुद्रित करून घ्यावा. आणि 'जी', 'हो', 'र' ही अक्षरे प्रतीत जशीच्या तशी, आपल्या जागी राहू द्यावी.

आमची सदोष प्रत आम्ही मागे घेतली आहे. मूळ पानांची छायाचित्रे होती, त्यांवरून पाठ पुन्हा सिद्ध केला. भरलेली सर्व अक्षरे काढून टाकिली. त्या वेळी बाडाचे शेवटचे पान, जे आम्ही 'किरकोळ हिशेब' म्हणून पूर्वी वगळले होते, ते प्रथमच नीट वाचले. मोडीत चार ओळी आहेत: दिवटीस तेल, संबळाची दोरी, बकऱ्याचे कातडे एक, तार एक. पुढे आण्यांचे आकडे आहेत, ते कसरीने खाल्ले आहेत.