सत्तर आणि तीस : गुणवत्ता यादीत भूगोल कसा शिरला

#इतिहासधागा #मराठवाडा

(१/१६)
बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : किती पडले? त्यामागोमाग दुसरा येतो : एवढ्यात कुठे लागेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेवर छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र महाराष्ट्रात अनेक दशके केवळ गुणांवर ठरत नव्हते. विद्यार्थी कोणत्या विभागात शिकला, यावरही ते ठरत होते. मागास भागाचे रक्षण व्हावे म्हणून आखलेला एक नियम पुढे त्याच भागातील मुलांना जाचक का वाटू लागला, त्याचा हा इतिहास.

(२/१६)
आरंभ चिकलठाण्यापासून करू. छत्रपती संभाजीनगरहून (तेव्हाचे औरंगाबाद) जालन्याकडे जाताना लागणारे हे गाव आज विमानतळ आणि औद्योगिक वसाहत यांसाठी ओळखले जाते. वोक्हार्ट, लुपिन अशा औषध कंपन्यांचे कारखाने येथे उभे राहिले. रसायनशास्त्र शिकलेल्या तरुणांना गावाच्या वेशीवर काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली. परंतु १९४८ पूर्वी याच गावातील एखाद्या मुलाला डॉक्टर व्हावयाचे असते, तर त्याला कोठे जावे लागले असते? निजामी राज्याच्या राजधानीत, हैदराबादला.

(३/१६)
मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१७ च्या फर्मानाने झाली आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. वैद्यक व अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली जात. भारतीय भाषेतून उच्च विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मराठी बोलणाऱ्या खेड्यातील मुलासाठी प्रवेशाची पहिली चाळणी भाषेचीच होती. गुणांचा प्रश्न त्यानंतरचा. औरंगाबादेत १९२३ साली इंटरमीजिएट महाविद्यालय सुरू झाले, पण त्यापुढील विज्ञानशिक्षणाची वाट हैदराबादकडेच जात होती.

(४/१६)
१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. अवघ्या दहा वर्षांत चित्र पालटले. मात्र मुंबई-पुण्यात हेच शिक्षण त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे रुजलेले होते. हे अंतर ध्यानात ठेवावे; पुढील सारा वाद त्यातूनच उगवतो.

(५/१६)
या अंतराची जाणीव तत्कालीन नेत्यांना होती. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र एकत्र येण्याच्या अटी ठरवल्या. या करारातील निधीवाटप आणि नोकऱ्या यांविषयीची कलमे अनेकांना ठाऊक असतात. पण व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांतील प्रवेशही लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावेत, हे तत्त्वही त्यात होते. म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मास येण्यापूर्वीच विज्ञानशाखेच्या प्रवेशाचा प्रश्न राजकीय कराराचा विषय झाला होता.

(६/१६)
१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये या भावनेला स्थान दिले. विकास मंडळांबरोबरच तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था लावण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद तेथे आहे. पण तरतूद आणि अंमल यांत दीर्घ अंतर राहिले. वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये. मधल्या काळात १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन पेटले आणि त्यात विद्यार्थी अग्रभागी होते. नोकरी, रेल्वे, सिंचन यांच्या जोडीने शिक्षणाच्या संधींचा असंतोषही त्यामागे होता.

(७/१६)
आता गुणांकडे वळू. जुन्या काळी मुंबई-पुण्याकडे इंटर सायन्सला ‘ए ग्रुप’ आणि ‘बी ग्रुप’ असे. गणित घेणारा ए ग्रुपचा, त्याची दिशा अभियांत्रिकीची. जीवशास्त्र घेणारा बी ग्रुपचा, त्याची दिशा वैद्यकाची. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, १०+२+३ ची रचना आली आणि निर्णायक टप्पा बारावीवर सरकला. ए आणि बी ही नावे मागे पडली व पीसीएम, पीसीबी ही रूढ झाली. प्रवेश ठरे तो एकूण टक्क्यांवर नव्हे, तर या तीन विषयांच्या बेरजेवर. म्हणूनच मराठी घरांत ‘ग्रुपचे किती?’ हा स्वतंत्र प्रश्न जन्मला.

(८/१६)
वैद्यकीय प्रवेशासाठी राज्यात विद्यापीठनिहाय क्षेत्रांची पद्धत होती. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात तुम्ही शिकलात, तेथील महाविद्यालयातच मुख्यतः तुमचा विचार होई. परिणामी एकाच राज्यात, एकाच वर्षी, तेवढ्याच गुणांवर एका मुलाला प्रवेश मिळे आणि दुसऱ्याला नाकारला जाई. फरक एवढाच, की दोघांची महाविद्यालये वेगवेगळ्या विद्यापीठांच्या हद्दीत होती. यावर न्यायालयात दाद मागितली जाणे अटळ होते.

(९/१६)
सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच मद्रास राज्यातील जिल्हानिहाय जागावाटप समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले होते. १९८६ मध्ये महाराष्ट्राची विभागनिहाय पद्धत त्याच न्यायालयापुढे आली. सरन्यायाधीश प्र. न. भगवती यांच्या काळातील या निवाड्याने संपूर्ण विभागीय कुंपण घटनाबाह्य ठरवले. मात्र काही प्रदेश मागे राहिले आहेत, हे वास्तवही विचारात घेतले आणि मधला मार्ग काढला : इतर वैध आरक्षणे वगळून उरलेल्या खुल्या जागांपैकी जास्तीत जास्त ७० टक्के त्या विभागात शिकलेल्यांसाठी राखता येतील आणि किमान ३० टक्के राज्यातील इतर विभागांच्या विद्यार्थ्यांना उपलब्ध असल्या पाहिजेत. प्रसिद्ध ‘सत्तर-तीस’ सूत्राची पाळेमुळे या निवाड्यात आहेत.

(१०/१६)
त्या वेळी या सूत्राचा हेतू स्वच्छ होता. १९८४ मध्ये सादर झालेल्या वि. म. दांडेकर समितीच्या अहवालाने राज्याचा प्रादेशिक अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये मोजला होता आणि तंत्रशिक्षण हेही त्या मोजणीतील एक क्षेत्र होते. प्रयोगशाळा, शिक्षक, ग्रंथालये यांची उणीव असलेल्या तालुक्यातील मुलाची तुलना मुंबईच्या मुलाशी एकाच फूटपट्टीने करणे अन्यायाचे होते. शिवाय आपल्या भागात शिकलेला डॉक्टर आपल्याच भागात राहील, ही आशाही होती. सत्तर टक्क्यांची भिंत म्हणजे रोपट्याभोवतीचे कुंपण होते.

(११/१६)
मग रोपटे वाढले. लातुरात १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या प्राचार्यांच्या काळात शिस्तबद्ध अध्यापन, सातत्याने सराव आणि वारंवार चाचण्या यांची एक पद्धत घडवली. हाच पुढे राज्यभर गाजलेला ‘लातूर पॅटर्न’. या पद्धतीविषयी मते भिन्न आहेत. तिने पाठांतर वाढवले असेही म्हटले जाते. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. मराठवाडा म्हणजे कमी गुण, हे समीकरण तिने मोडून टाकले.

(१२/१६)
गुण वाढले, जागा मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. औरंगाबादनंतर अंबाजोगाई, मग नांदेड, मग लातूर अशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली. २०२० पर्यंत संख्या चारवर होती. आता एक काल्पनिक गणित करू. ‘अ’ विभागात १०० जागा आणि १,००० इच्छुक. ‘ब’ विभागात ५०० जागा आणि ३,००० इच्छुक. सत्तर टक्के लावले, तर ‘अ’मध्ये हक्काच्या जागा ७०, म्हणजे दर हजारी ७०. ‘ब’मध्ये हक्काच्या ३५०, म्हणजे दर हजारी सुमारे ११७. इच्छुकांची तयारी सारखी झाली, की हेच कुंपण ‘अ’च्या मुलाला आत कोंडते. टक्केवारी तीच राहते, तिचा अर्थ मात्र उलटतो.

(१३/१६)
दरम्यान परीक्षाही बदलत गेल्या. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि सारी वैद्यकीय महाविद्यालये एका छत्राखाली आली. विद्यापीठाच्या हद्दीला वैद्यकापुरता अर्थ उरला नाही, तरी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ही विभागणी टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सीईटी आली आणि बारावीच्या बेरजेचे राज्य ढासळले. अभियांत्रिकीत २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे बारावीचे गुण व जेईई मेन यांचा निम्मा-निम्मा भार धरून सरासरी काढली गेली. २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी. वैद्यकासाठी २०१३ मध्ये नीट आली, त्याच वर्षी रद्द ठरली आणि २०१६ मध्ये न्यायालयाच्याच आदेशाने परतली. तीनचार वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या भावंडांना तीन निराळ्या मोजपट्ट्या लागल्या.

(१४/१६)
शाखा बदलण्याची मुभासुद्धा याच इतिहासाचा भाग आहे. अकरावीत जीवशास्त्र सोडले, की वैद्यकाचे दार सोळाव्या वर्षीच बंद होई. म्हणून सावध पालक चारही विषय घ्यायला लावत आणि मुले दोन्ही दारांपुढे अर्ज ठेवून बसत. वैद्यकाची यादी हुकली, की काहीजण फार्मसीकडे वळत, काही कृषीकडे, काही बी.एस्सी.कडे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय फेऱ्यांत ‘फ्रीझ’, ‘स्लाइड’, ‘फ्लोट’ हे शब्द रुळले. मिळाले ते पक्के करायचे, त्याच महाविद्यालयात वरची शाखा मागायची, की सारेच खुले ठेवायचे? नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटसाठी पात्र ठरवले. ए ग्रुप आणि बी ग्रुप यांच्यामधील जुनी भिंत तेथे प्रथमच मोठ्या प्रमाणात खचली.

(१५/१६)
आणि सत्तर-तीस? मराठवाड्यातील विद्यार्थी, पालक आणि लोकप्रतिनिधींनी अनेक वर्षे ते हटवण्याची मागणी लावून धरली. जास्त गुण असूनही आमच्या मुलांना राज्याच्या इतर भागांतील जागा मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द केल्याची घोषणा विधिमंडळात केली. ते स्वतः लातूरचे. जो प्रदेश १९५३ साली प्रवेशात प्रादेशिक हमी मागत होता, त्याच प्रदेशाने ६७ वर्षांनी प्रादेशिक कुंपण काढावयास लावले. वरवर हा विरोधाभास दिसतो. पण दोन्ही वेळची मागणी एकच होती : आमच्या मुलांना न्याय्य संधी द्या.

(१६/१६)
यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली : ‘गुणवत्ता’ ही आकाशातून पडत नाही. कोणते गुण मोजायचे, कोणाची कोणाशी तुलना करायची आणि किती जागांसाठी, हे माणसे ठरवतात व बदलतात. दुसरी : कोणताही न्याय्य नियम कायमचा न्याय्य राहत नाही, परिस्थिती पालटली, की त्याचीही फेरतपासणी करावी लागते. राज्यभर एकच यादी लागल्याने प्रश्न संपला, असेही समजू नये. लातूरच्या शिकवणीत बसू शकणारा मुलगा आणि ज्याच्या घरी तेवढे शुल्क नाही असा मुलगा, दोघेही मराठवाड्याचेच आहेत. विभागांमधील दरी बुजते तेव्हा विभागांच्या आतील दरी उघडी पडते, आणि तिच्यासाठी अजून कोणतेही सत्तर-तीस लिहिले गेलेले नाही. चिकलठाण्यातील जी मुलगी यंदा नीट आणि सीईटी या दोन्हींचे अर्ज भरते, तिच्या पसंतीक्रमाच्या तक्त्यामागे हैदराबादच्या फर्मानापासूनचा हा सारा इतिहास उभा आहे. तो तिला ठाऊक असावा, एवढ्यासाठीच हा धागा.