आकडे वाढवणारी मोहीम

१९७४ सालच्या मे महिन्यात एकट्या बिहारमध्ये देवीचे रोज हजाराहून जास्त नवे रुग्ण सापडत होते. त्या वर्षभरात भारतात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि ३१ हजारांवर माणसं दगावली. जगात त्या साली नोंदलेल्या दर दहा रुग्णांपैकी आठाहून जास्त आपल्या देशातले होते. १८ मेला पोखरणला अणुस्फोट झाला आणि परदेशी वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. अणुचाचणी करणाऱ्या देशात लोक अजून देवीनं मरतात! आणि नेमक्या याच दिवसांत मोहीम चालवणाऱ्या माणसांचं म्हणणं होतं, की आपण बरोबर वाटेवर आहोत.

बरोबर एका वर्षानं, मे १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण सापडला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इतिहासाचा किंवा वैद्यकाचा अभ्यासक नाही. या कहाणीकडे वळलो तो २०२१च्या एप्रिलमुळे. करोनाची दुसरी लाट होती आणि आम्ही सहा-सात मित्रांनी मिळून आमच्या शहरातल्या रिकाम्या बेडची माहिती देणारं एक पान बनवलं होतं. स्वयंसेवक हॉस्पिटलांना फोन करायचे, आकडा भरायचे, पानावर तो हिरव्या रंगात दिसायचा. एका रात्री मला एका माणसाचा फोन आला. "दादा, तुमच्या पानावर इथं सहा बेड दाखवतायत. मी दारात उभा आहे. वडील रिक्षात आहेत. इथं एकही नाहीये." मी नोंद उघडून पाहिली. ती दोन दिवसांपूर्वीची होती.

मी मित्रांना म्हटलं, प्रत्येक आकड्यापुढे 'शेवटची खात्री केव्हा केली' ती वेळ दाखवू आणि जुनी नोंद करड्या रंगात टाकू. एकानं लगेच विरोध केला. "सगळं पान करडं होईल. लोक घाबरतील." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वाद घालण्यात आमचे तीन दिवस गेले, मग बदल केला. पान जवळजवळ सगळंच करडं झालं. ते तीन दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

लाट ओसरल्यावर साथींवर जे हाती लागेल ते वाचत सुटलो, तेव्हा देवीच्या मोहिमेशी गाठ पडली. घरात त्याची एक खूण होतीच. आजीच्या दंडावर दोन मोठे गोल व्रण आहेत. "लहानपणी देवी काढल्या होत्या," असं ती सांगते. आमच्या पिढीच्या दंडावर जो व्रण आहे तो बीसीजीचा. देवी काढून घ्यायची वेळ आमच्यावर आली नाही, कारण तो रोगच उरला नाही. हे कसं झालं, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

०००

भारताचा राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. कल्पना सरळ होती: सगळ्यांना लस टोचायची. मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या एका मुलीला देशातली पहिली लस टोचली गेली होती, म्हणजे हत्यार दीडशेहून अधिक वर्षं आपल्याकडे होतंच. आता उद्दिष्ट ठरलं, टोचलेल्यांचे आकडे वर जाऊ लागले. पण उद्दिष्ट गाठायचं तर सोपी माणसं आधी सापडतात. शाळेतली पोरं एका रांगेत उभी असतात, त्यांना पुन्हा पुन्हा टोचलं जायचं. स्थलांतर करणारे मजूर, भटके, झोपडपट्टीतली तान्ही मुलं मात्र राहून जायची. कागदावर टक्केवारी फुगायची आणि रोग त्या उरलेल्या माणसांतून फिरत राहायचा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. गावात देवी निघाली असं एखाद्या आरोग्य कर्मचाऱ्यानं वर कळवलं, की पहिला प्रश्न यायचा: मग तू टोचणी नीट केली नाहीस का? खुलासा मागितला जायचा, कधी निलंबनही व्हायचं. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस काय करतो, हे सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या कुणालाही माहीत आहे. तो 'निरंक' अहवाल पाठवतो. खालून निरंक, तालुक्याला निरंक, जिल्ह्याला निरंक. दिल्लीत बसलेल्या माणसाला हिरवं पान दिसतं.

१९७३पर्यंत दक्षिण आणि पश्चिम भारतात रोग आटोक्यात आला होता. राहिले होते उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, मध्य प्रदेश. तिथे नवी पद्धत वापरायचं ठरलं. ती विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरनं १९६६च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात अडचणीपोटी वापरली होती. सगळ्यांना टोचायला लस पुरेशी नव्हती. म्हणून त्यानं मिशनऱ्यांच्या रेडिओवरून विचारून रुग्ण नेमके कुठल्या गावांत आहेत ते शोधलं आणि त्यांच्याभोवतीच लस टोचली. साथ थांबली.

देवीच्या बाबतीत हे जमतं याला कारण आहे. हा रोग लपत नाही, पुरळ चेहऱ्यावर येतो. तो जनावरांत राहत नाही. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण बारा दिवस जातात आणि लागण झाल्यावर पहिल्या काही दिवसांत लस दिली तरी ती बहुधा वाचवते. म्हणजे रुग्ण लवकर सापडला, तर त्याच्याभोवती कडं करायला वेळ मिळतो. सगळा भार त्या 'लवकर सापडला तर' वर आहे.

०००

दिल्लीत मोहिमेची धुरा एका माणसाच्या खांद्यावर नव्हती. भारत सरकारकडून डॉ. एम. आय. डी. शर्मा, डॉ. महेंद्र दत्ता, डॉ. आर. एन. बसू होते. जागतिक आरोग्य संघटनेकडून निकोल ग्रासे ही विषाणुतज्ज्ञ, चेकोस्लोव्हाकियाचा झ्देनो येझेक आणि स्वतः फेगी होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी पहिला शोध घेतला. मलेरिया, कुटुंबनियोजन, सगळ्या विभागांचे कर्मचारी आठवडाभर आपलं काम बाजूला ठेवून गावोगाव गेले. हातात देवी आलेल्या बाळाचा फोटो असलेलं एक कार्ड. ते बाजारात, शाळेत, चहाच्या टपरीवर दाखवायचं आणि विचारायचं, असं कुणाला झालंय का?

उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मिळून सुमारे १० हजार रुग्ण सापडले. आधीच्या अहवालांत त्यांचा मागमूस नव्हता.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. कारण हा क्षण आमच्या धंद्यात मी पाहिलेला आहे. नीट तपासणी बसवली की पहिल्या दिवशी चुकांचा आकडा दहापट होतो आणि बैठकीत कुणीतरी विचारतं, "तुम्ही काय करून ठेवलंत?" खरं तर काहीच बिघडलेलं नसतं, फक्त दिसू लागलेलं असतं. पण हे वाक्य वरच्या माणसासमोर उभं राहून म्हणणं अवघड. आमच्याकडे फार तर प्रोजेक्ट जातो. तिथे रोज माणसं मरत होती.

शोध पुढे दर महिन्याला होऊ लागले आणि नंतर घरोघर. एका देशव्यापी शोधात एक लाखाहून जास्त कर्मचारी दहा कोटी घरांपर्यंत जात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शोध संपल्यावर वेगळी माणसं दहा टक्के गावांत पुन्हा जायची आणि विचारायची: इथे कुणी कार्ड घेऊन आलं होतं का? म्हणजे रुग्ण किती याच्याइतकंच, आपण खरंच पाहिलं का, हेही मोजलं जात होतं. रुग्ण लपवला तर कारवाई आणि कळवला तर बक्षीस, अशी उलटी रीत बसवली गेली. बक्षीस वाढत वाढत शेवटी हजार रुपयांवर गेलं. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

रुग्ण सापडला की त्याच्या घरावर चार पहारेकरी बसायचे, पाळीपाळीनं, दिवसरात्र. ते बहुधा त्याच गावातले असायचे. आत येणाऱ्या प्रत्येकाला लस. घरच्यांना बाहेर पडावं लागू नये म्हणून धान्य पोचवलं जायचं. मग आजूबाजूच्या घरांची यादी, माणूस न् माणूस, आणि दुतोंडी सुईचे पंधरा टोचे.

०००

१९७४चा उन्हाळा मात्र मोहिमेला गिळायला निघाला होता. तेलसंकटामुळे पेट्रोल महागलेलं. ८ मेपासून रेल्वेचा देशव्यापी संप. बिहारमध्ये जयप्रकाश नारायणांचं आंदोलन पेटलेलं. टाटानगर स्टेशनवरून गावी परतणारे मजूर रोग घेऊन जात होते आणि शेकडो ठिकाणी तो उगवत होता. लॅरी ब्रिलियंट या तरुण अमेरिकन डॉक्टरनं टाटांचं दार ठोठावलं आणि कंपनीनं माणसं, जीप, पैसा देऊन दक्षिण बिहारचा भार उचलला.

फेगीनं पुढे पाटण्यातल्या एका बैठकीची हकिकत लिहून ठेवली आहे. बिहारच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की आता पुरे, आपण पुन्हा सरसकट लसीकरणाकडे वळणार. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. विधानसभेत उत्तर त्यांना द्यायचं होतं आणि आकडे रोज चढत होते. तेव्हा एक तरुण भारतीय डॉक्टर उठला. त्यानं विचारल्याचा आशय असा: गावात एका घराला आग लागली, तर पाणी सगळ्या गावाच्या छपरांवर ओततात की जळत्या घरावर? मंत्र्यांनी एक महिना दिला.

त्या महिन्यात नव्या उद्रेकांचा चढ थांबला. पावसाळ्यात देवी आपोआपच ओसरते, त्यामुळे खरी परीक्षा पुढच्या वसंतात होती. १९७५च्या जानेवारीत केंद्रीय आरोग्यमंत्री करण सिंह यांच्या काळात 'ऑपरेशन स्मॉलपॉक्स झीरो' सुरू झालं आणि एकेका उद्रेकामागे पथकं लावली गेली. १७ मेला बिहारमध्ये इथल्या मातीतला शेवटचा रुग्ण सापडला. २४ मेला आसामातल्या करीमगंज स्टेशनवर बांगलादेशातून आलेली एक निराधार बाई सापडली. ती शेवटची.

०००

इथे थांबलो असतो तर कहाणी गोड झाली असती. पण पॉल ग्रीनो या इतिहासकारानं मोहिमेतल्याच लोकांच्या आठवणी गोळा करून दुसरी बाजू मांडली आहे. लस नाकारणाऱ्यांच्या घरांची दारं रात्री फोडली गेली, रडणाऱ्या बायकांना आणि मुलांना धरून टोचलं गेलं. सिंहभूममधल्या एका आदिवासी कुटुंबाची हकिकत तर मोहिमेतल्या लोकांनीच सांगितली आहे. देवी ही देवाची इच्छा मानणारा कुटुंबप्रमुख शेवटपर्यंत झुंजला. सगळं उरकल्यावर त्यानं आपल्या परसातली भाजी तोडून पाहुण्यांच्या हातात ठेवली. घरात शिरलेला तो पाहुणा, हा त्याचा धर्म.

देवीमुक्तीचा उत्सव १५ ऑगस्ट १९७५ला झाला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. पुढच्याच वर्षी कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं त्याच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या गळ्यात पडली. १९७६-७७ मध्ये ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. घरोघर पोचण्याची ताकद तीच, पण यावेळी वरून खाली एक आकडा आला होता आणि तो गाठायचा होता. देवीच्या मोहिमेचं यश मी दाखवलेल्या आकड्यांमुळे मानत नाही, शोधलेल्या आकड्यांमुळे मानतो. पण त्या माणसाचं तुटलेलं दार त्याच हिशोबात लिहावं लागतं. रोग संपला म्हणून ते खोडता येत नाही.

शेवटच्या रुग्णानंतरही शोध दोन वर्षं चालू राहिला. कांजिण्यांचे संशयास्पद रुग्ण तपासले गेले, नमुने प्रयोगशाळेत गेले, बक्षीस तसंच राहिलं. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग आला. किती टोचले हा त्याच्या दृष्टीनं मुख्य प्रश्न नव्हता. मुख्य प्रश्न हा होता, की कुठे एक जरी रुग्ण असता तर तुम्हाला तो सापडला असता का? दोन वर्षांच्या नोंदींवरून उत्तर देता आलं आणि भारत देवीमुक्त ठरला.

आमचं बेडचं पान कधीच बंद झालं. त्याचा कोड मात्र मी जपून ठेवला आहे, त्या करड्या रंगासकट. हल्ली ऑफिसात नवीन कुणी सगळं हिरवं असलेलं पान अभिमानानं दाखवायला आणलं, की मी आधी विचारतो: हे शेवटचं कुणी तपासलं, आणि कधी?