डिग्री हातात, नोकरी कुठे? कॉर्नेलिया सोराबजीची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आजचा विषय अगदी रोजचा आहे. शिक्षण संपलं, आता नोकरी शोधायची. सीव्ही करायचा, अर्ज भरायचे, आणि मुलाखतीला काय घालायचं यावर मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकून मतं मागवायची. कुर्ता की शर्ट? साडी जरा जास्तच होईल का? आपल्यातल्या बहुतेक मुली यातून गेल्यात. मला प्रश्न पडला, की मुंबई विद्यापीठाची डिग्री घेऊन नोकरीच्या शोधात निघालेली पहिली मुलगी कोण असेल? तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. आणि तिचा जन्म आपल्या नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६ चा.

वडील पारशी, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. म्हणजे घरात शिक्षणाचं वातावरण होतं. अडचण बाहेर होती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झालं खरं, पण मुलींना पदवीसाठी दार उघडायला १८८३ उजाडलं. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेली. आजूबाजूला सगळी मुलं, मुलगी ती एकटीच. १८८७-८८ च्या सुमारास ती पदवीधर झाली, आणि नुसती पास नाही झाली बरं का, कॉलेजात पहिली आली.

आता गंमत बघा. गंमत म्हणजे खरंतर अन्याय. जो पहिला येईल त्याला इंग्लंडला पुढे शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. कॉर्नेलिया पहिली आली, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात ‘विद्यार्थी’ म्हणजे मुलगाच होता. एखादी मुलगी वर येईल ही शक्यता कुणी धरलेलीच नव्हती.

मी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे मला हे लगेच कळतं. फॉर्ममध्ये एखादा पर्याय ठेवलेलाच नसेल, तर माणूस कितीही पात्र असला तरी ‘सबमिट’ होत नाही. आणि समोरून उत्तर येतं की आमची सिस्टीम बरोबर आहे.

मग तिने काय केलं? नोकरी धरली. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिला इंग्रजी शिकवायची तात्पुरती जागा मिळाली. वय एकविशीच्या आसपास, आणि समोर वर्गभर मुलगे. आपल्यापैकी किती जणी ‘सध्या हे करते, पुढचं बघू’ म्हणत पहिली नोकरी धरतात! तिचंही तेच. दरम्यान इंग्लंडमधल्या काही लोकांनी तिच्यासाठी वर्गणी जमवली. पैसे देणाऱ्यांमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचंही नाव आहे. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली आणि कायदा शिकायला लागली.

तिथेही तेच. १८९२ मध्ये कायद्याच्या बीसीएल परीक्षेची वेळ आली, तेव्हा बाईची परीक्षा घ्यायची की नाही यावरून घोळ झाला. शेवटी विद्यापीठाला तिच्यासाठी खास ठराव करावा लागला, तेव्हा ती पुरुषांच्या बरोबरीने परीक्षेला बसली. ती पास झाली, पण डिग्री मिळाली नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० मध्ये सुरुवात केली आणि कॉर्नेलियाला तिची पदवी १९२२ मध्ये मिळाली. परीक्षा आणि प्रमाणपत्र यांच्यात तब्बल ३० वर्षं. आपण रिझल्टची वेबसाइट दहा मिनिटं उघडली नाही तर वैतागतो.

आता जरा कपड्यांकडे येऊ, कारण तोही या गोष्टीचा भाग आहे. ऑक्सफर्डच्या थंडीत कॉर्नेलिया साडी नेसायची. आपण आज जी साडी सहज ‘ऑफिसची साडी’ म्हणतो, खाली परकर, अंगात ब्लाउज, समोर निऱ्या, ती सगळीकडे कायमची अशीच होती असं नाही. ज्ञानदानंदिनी देवी, म्हणजे सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी, १८६० च्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे मुंबई इलाख्यात राहिल्या. घरात नेसायची बंगाली साडी बाहेर चारचौघांत वावरायला सोयीची नव्हती. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची साडी नेसायची पद्धत पाहिली, तिच्यात आपले बदल केले आणि ती कलकत्त्याला नेली. तिकडे त्या नेसण्याचं नावच पडलं ‘बोंबाई दस्तूर’. म्हणजे बाईला घराबाहेर पडायचं होतं, म्हणून कपडा बदलला. आपल्याकडे नऊवारीची पाचवारी झाली, पुढे पंजाबी ड्रेस आला, मग जीन्सवर कुर्ता. लोक याला ‘फॅशनचं वेड’ म्हणून मोकळे होतात. पण बस पकडायची, जिने चढायचे, आठ तास खुर्चीत बसायचं, हा हिशोब त्या कपड्यात असतो.

असो, परत नोकरीकडे. कॉर्नेलिया भारतात आली आणि खरी अडचण सुरू झाली. कायदा येत होता, पण वकील म्हणून उभं राहायची परवानगी नव्हती. १८९६ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात तिने एका आरोपी बाईची बाजू मांडली, तीही एका फटीतून. आरोपीच्या वतीने कुठलीही ‘व्यक्ती’ कोर्टाच्या परवानगीने बोलू शकते, अशी तरतूद होती तिचा आधार घेऊन. १८९७ मध्ये तिने मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा पास झाली. तरी सनद नाही. डिग्र्यांवर डिग्र्या आणि हातात काम नाही. ओळखीचं वाटतंय ना?

मग तिने जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटतं. जागा निघायची वाट न बघता तिने जागाच सुचवली. त्या काळी मोठ्या घरांतल्या पडदानशीन विधवा आणि लहान वारस यांच्या नावावर जमीनजुमला असायचा. पण त्यांना परपुरुषाला भेटता येत नसे, मग वकिलाला कुठून भेटणार? कारभारी आणि नातेवाईक सांगतील त्यावर सही किंवा अंगठा. कॉर्नेलियाने सरकारच्या मागे लागून पटवलं, की अशा बायकांसाठी कायदा जाणणारी बाईच हवी. १९०४ मध्ये तिची बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नेमणूक झाली. पुढची साधारण १८ वर्षं ती बंगाल, बिहार, ओरिसा, आसाममध्ये पालखीने, बोटीने, रेल्वेने फिरली. सुमारे ६०० बायका आणि मुलांना तिची मदत झाली, असं तिच्या कामाबद्दल सांगितलं जातं.

तिची सगळीच मतं आपल्याला पटतील असं नाही. ती ब्रिटिश राजवटीच्या बाजूची होती, गांधीजींच्या चळवळीला तिचा विरोध होता. कॅथरीन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या १९२७ च्या पुस्तकाचीही तिने बाजू घेतली आणि त्यामुळे पुष्कळ भारतीय स्त्रिया तिच्यापासून दुरावल्या. तिचं पदही पडद्याच्या प्रथेमुळेच तयार झालं होतं. पहिली असलेली व्यक्ती सगळ्यांसाठी लढतेच असं नसतं.

आणि पहिली आत गेली म्हणून दार उघडं राहतं असंही नसतं. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला, तेव्हा कलकत्ता हायकोर्टाने तो फेटाळला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्यात तसंच उत्तर मिळालं. कायद्यात शब्द होता ‘व्यक्ती’, आणि कोर्टाच्या मते त्यात बाई येत नव्हती. शेवटी १९२३ मध्ये कायदाच करावा लागला, की निव्वळ बाई आहे म्हणून वकिली नाकारता येणार नाही. त्यानंतर मुंबई हायकोर्टात मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, वकील म्हणून उभ्या राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं. मी बी.टेक. नंतर मुलाखती देत होते तेव्हा एका कंपनीत मला विचारलं, ‘लग्नानंतर काम चालू ठेवणार ना?’ माझ्याच वर्गातल्या, माझ्याइतकेच मार्क असलेल्या मुलांना कुणी हे विचारलं नाही. लिखित नियमात आता ‘बाई नको’ असं सहसा नसतं. ते मुलाखतीच्या प्रश्नात असतं, कपड्यांवरच्या शेऱ्यात असतं, ‘उशिरापर्यंत थांबणं जमेल का’ मध्ये असतं. कॉर्नेलियाला निदान कोणता शब्द आडवा येतोय ते कागदावर दाखवता येत होतं. आपल्याला तो आधी शोधून काढावा लागतो.

म्हणून एक छोटं काम देते. तुमच्या घरात पगाराची नोकरी करणारी पहिली बाई कोण होती, ते विचारा. आजी, मावशी, आत्या, कुणीही असेल. जाहिरात कुठे पाहिली, मुलाखतीला काय नेसली होती, घरी कोण नाही म्हणालं, पहिल्या पगाराचं काय केलं, सगळं विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कॉर्नेलियाने स्वतःचं आयुष्य लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला ते कळतं. आपल्या आज्यांचं बहुतेक कुठेच लिहिलेलं नाही.