‘अरुणोदय’

७. काशिनाथ विष्णू फडके यांनी १८६६ साली ठाण्यास काढलेले मराठी साप्ताहिक. पहाट हा अर्थ येथे अभिप्रेत नाही. अंबरनाथ त्या काळी ठाणे जिल्ह्यातील लहानसे खेडे असल्यामुळे, आज ज्यास अंबरनाथ पश्चिम म्हणतात त्या बाजूच्या रयतेस हेच आपल्या जिल्ह्याचे, कचेरीच्या गावचे पत्र होते. या ओळीतील ‘वाचला’ म्हणजे बहुधा ऐकला असे समजावे: एकाने ओटीवर अंक उलगडून मोठ्याने वाचावा, भोवती बसलेल्यांनी ऐकावे, आणि घडी घालून तो शेजारी धाडावा, असा तेव्हाचा परिपाठ; मुंबई-पुण्याच्या थोर पत्रांपुढे अशा जिल्हापत्रांचे हे कार्य विस्मरणात जाऊ नये. पुढील ओळीतील ‘मुचलका’ १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्यास अनुलक्षून आहे. असा मुचलका, म्हणजे लेखी हमीपत्र, मुद्रक-प्रकाशकांकडून घेण्याचा अधिकार त्यान्वये मॅजिस्ट्रेटास मिळाला होता.