मोजमापाचा वारसा

आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलींना स्वतःच्याच ताटाची धास्ती वाटू लागली, की दोष त्यांच्या हळव्या मनावर ढकलला जातो. या विद्येचा इतिहास पाहिला, तर निम्मा दोष तिच्या मापांच्या पदरात पडतो. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस राहू शकेल अशी बंद खोली उभारली. आतल्या माणसाचं अन्न, मलमूत्र, श्वास, अंगातली उष्णता असं सगळं मोजलं जाई. कमी पैशांत पोटभर सकस अन्न कसं मिळेल, ही अ‍ॅटवॉटर यांची विवंचना होती. पण १९१८ मध्ये डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी अन्नातली ऊर्जा मोजणारी तीच कॅलरी बारीक होऊ पाहणाऱ्या बायकांच्या हाती दिली आणि त्यांचं पुस्तक तुफान खपलं. वजन-उंचीच्या गुणोत्तराचंही तेच झालं. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हटलं ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. पुढे तो एकेकट्या माणसाचा निकाल ठरला. प्रॅक्टिकलला तर पहिला नमुना विद्यार्थिनी स्वतःच असते. वजनकाटा, कंबरेची टेप, दंडाची कातडी चिमटीत धरणारा कॅलिपर, चोवीस तासांत काय खाल्लं त्याची नोंद. आणि हे सारं जर्नलमध्ये उतरवून तपासायला द्यायचं.

यावर आक्षेप येतो, की खाण्याची चिंता असलेलेच हा विषय निवडतात. शिक्षणाचा काय दोष? पाहण्यांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत, हे मान्य. पण कीज यांचाच मिनेसोटातला प्रयोग इथे बोलका आहे. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्या मनात अन्नाशिवाय काही उरेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. म्हणजे अन्नाविषयीचं प्रचंड कुतूहल हे कधी उपासमारीचंच लक्षण असतं. अशी मुलगी वर्गात आली, तर अभ्यासक्रम तिच्या आजाराला शास्त्राचा शिक्का आणि वर गुणही देतो. आक्षेप खरा मानला, तरी जबाबदारी वाढतेच.

मापं टाकून द्या, असं कुणी म्हणत नाही. रुग्णासाठी ती लागतातच. मात्र स्वतःचं वजन वर्गात जाहीर करण्याची सक्ती थांबवावी, नमुना म्हणून काल्पनिक व्यक्तीचे आकडे द्यावेत आणि या मापांचा इतिहास पहिल्याच वर्षी शिकवावा. एवढं करायला कुठल्याही कॉलेजला वेगळा निधी लागत नाही.